तीन वार भिजवावे

परीक्षण-कक्ष, तिसरा मजला
२ जून

वहिनी,

पत्राच्या आरंभी कुशल विचारावे, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या कारणासाठी हे पत्र लिहीत आहे ते पाहता कुशल विचारणे ढोंगीपणाचे ठरेल. म्हणून सरळ विषयावर येते.

चीज-मंडळाच्या वार्षिक परीक्षणासाठी आपण धाडलेले चीजचे चाक काल माझ्यापुढे आले. नियमाप्रमाणे त्यावर केवळ क्रमांक होता. शेळीच्या दुधाचे, अर्धमऊ, लाल वाइनमध्ये भिजवलेले चीज आमच्या नोंदीत एकच असल्यामुळे ते कोणाचे हे समजण्यास क्रमांकाची गरज पडली नाही. ते माझ्या धाकट्या भावाचे आहे. होते, असे म्हणणे अधिक अचूक.

साल वांग्यासारखी एकरंगी हवी. ही ठिपकेदार निघाली, जणू कोणी ओल्या हाताने पुसून काढली. सालीला बारीक भेगा होत्या. भेगांतून वाइन आत उतरून आंबली होती. गर वाकवला तर वाकावा. हा खडूसारखा मोडला. माझ्या भावाच्या चीजमध्ये आधी दूध लागे आणि मग, दार वाजवून आत येणाऱ्या पाहुण्यासारखी, वाइन. तुमच्या चाकात पाहुणा दार फोडून आला आहे आणि घरात कोणीच नाही.

निष्कर्ष एकच निघतो. ज्या चाकाला तीन बुड्या द्यायच्या, त्याला आपण एक दिलीत आणि उरलेल्या वेळी काय केलेत ते आपणच जाणा; काम आळशी हाताचे आहे. वाइनमध्ये चीज बुडवायचे होते, वहिनी. माझ्या भावाचे नाव नव्हे.

मंडळाची बैठक २८ ऑगस्टला आहे. या चीजचे नाव नोंदीतून काढावे आणि शिक्का परत घ्यावा, असा अभिप्राय मी देणार आहे. माझा अभिप्राय आजवर कोणी फिरवलेला नाही.

जाता जाता: दुकानात विकल्या जाणाऱ्या आपल्या चाकाच्या चिठ्ठीवर 'शिळीच्या दुधाचे' असे छापले आहे. चव पाहता ही चूक दुरुस्त करावी की तशीच राहू द्यावी, याविषयी मी संभ्रमात आहे.

आपल्या दिवंगत पतीची थोरली बहीण


चीजघर, मागची खोली
९ जून

वन्सं,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी कोपरापर्यंत मिठाच्या पाण्यात, मिठवणीत होते. हात पुसून वाचलं, आणि वाचून पुन्हा हात मिठवणीत घातले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. चौदा वर्षं तुम्ही मला 'अगं' म्हणत होतात. आता 'आपण' झाले. मोठा मान दिलात.

वेलांटी छापखान्यातली आहे. त्यांना फोन केला तर म्हणाले, "बाई, चीज विकायचंय का निबंध?" तुमचा पत्ता देऊ का त्यांना?

बाकी आळस म्हणालात, त्याचं उत्तर देते. या मोसमातल्या एकूण एक चाकाला मी तीन बुड्या दिल्या आहेत. एक दिवस वाइनमध्ये, दोन दिवस फळीवर वाळत, पुन्हा वाइन, पुन्हा फळी, पुन्हा वाइन. असं करायला कुणी सांगितलं, आठवतंय? त्याला पोचवून आलो त्या दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात, अंगातला कोटही काढला नव्हतात. म्हणालात, "तो होता तोवर निभावलं. आता तरी वहीत लिहिलंय तसं कर. अक्षरशः." शिवाय महिन्याभराने मंडळाचं छापील पत्रक धाडलंत, 'तीन स्वतंत्र बुड्या' खाली लाल रेघ मारून. ते पत्रक वाइनच्या हौदाच्या वर खिळ्याला टांगलं आहे. त्याच्याकडे बघत काम केलं.

तुमच्या एका सहीने काय होईल ते माहीत असू द्या, म्हणजे पुढे 'मला कल्पना नव्हती' म्हणायला नको. शहरातला दुकानदार माझी सगळी चाकं घेतो, ती त्या गोल शिक्क्यासाठी. तोंडावर सांगितलंय त्याने: "शिक्का गेला की मी गेलो." तो गेला की अडतीस शेळ्या विकायच्या. त्या विकल्या की मी या घरात कशासाठी उठायचं, तेवढं तुमच्या अभिप्रायात एका ओळीत लिहा.

लोकांच्या कष्टाचं चीज होतं. माझ्या चीजचे नुसते कष्ट झाले.

तुमची कुणीच नाही


परीक्षण-कक्ष, तिसरा मजला
१७ जून

वहिनी,

शेळ्या विकाव्या लागतील ही बाब दुःखद आहे. परंतु शेळ्यांची दया येऊन चव बदलत नाही, आणि माझी जीभ भावजयीसाठी एक व इतरांसाठी एक, अशी दुपदरी नाही.

आपण तीन बुड्या दिल्याचे लिहिता. मला ते मान्य नाही. पद्धत तीच असताना फळ निराळे यावे, हे विज्ञानाला धरून नाही. दूध त्याच शेळ्यांचे, वाइन त्याच मळ्यातली, तळघर तेच. बदलला आहे तो हात.

तीन बुड्या घेतलेले चीज कसे दिसते हे मला सांगू नका. बारा वर्षांपूर्वी आमच्या त्रैमासिकात मीच ते लिहिले आहे: 'या चाकाचा काप उजेडात धरावा. सालीखाली एकाआत एक अशा तीन जांभळ्या रेघा दिसतात. तीन निवांत बुड्यांची ती तीन वलये. घाई करणाऱ्याला ही वलये लाभत नाहीत.' या परिच्छेदावरून मंडळाने नोंद केली, शिक्का दिला, आणि तुमच्या दुकानदाराला तुमच्या घराचा रस्ता समजला. तुमच्या चाकात मी वलये शोधली. एकही नव्हते, नुसते डाग.

मूळ वही माझ्याकडे पाठवा. बावीस वर्षांपूर्वी मी दुग्धशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना ती त्याच्यासाठी स्वतः लिहिली. त्याला अक्षरे मी शिकवली, शेळ्या घे म्हणून मी सांगितले, पद्धत मी बसवली. त्या वहीवर आपला हक्क काय, हे मला समजत नाही.

थोरली नणंद


चीजघर, मागची खोली
२६ जून

वन्सं,

वही मिळणार नाही. तिच्या पुठ्ठ्याला त्याच्या हाताचा वास आहे, आणि तुम्ही ती आधी पुसून घ्याल.

स्वतः येऊन बघा की. अकरा वर्षांत आला नाहीत. आलात ती एकदा, दारात उभ्या राहण्यासाठी. अकरा वर्षांपूर्वी मुक्कामाला आलात तेव्हा उशीला बोकडाचा वास येतो म्हणून परत गेलात. येतो, वन्सं. आम्हालाही येतो. म्हणून तर चीज होतं.

ओळ पाहिजे असेल तर उतरवून देते. जशीच्या तशी, मध्ये काही न घालता:

'मिठवणीतून काढल्यावर लाल वाइनमध्ये तीन वार भिजवावे. उलटत राहावे. नंतर फळीवर.'

एवढंच आहे. आता तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा. इथे 'वार' म्हणजे काय? मला उत्तर लेखी पाहिजे.


परीक्षण-कक्ष, तिसरा मजला
३ जुलै

वहिनी,

लेखी उत्तर घ्या.

'वार' म्हणजे वेळा, खेप. एकवार, दोनवार, वारंवार. चांगले मराठी वाचलेल्या माणसाला हा शब्द अडत नाही. मी तो जाणीवपूर्वक योजला, कारण 'तीन वेळा' हे मला बाजारू वाटले. येथे तीनवार म्हणजे तीन निरनिराळ्या खेपा. प्रत्येक खेपेनंतर वाळवणे आलेच. ते मी त्याला समोर बसवून तोंडी समजावले होते.

आपण उतारा देताना 'तीनवार' हा शब्द तोडून 'तीन वार' असा लिहिला आहे. तो जोडून लिहायचा असतो. तोडून लिहिल्यास तो सोमवार-मंगळवारातला वार होतो आणि अर्थाचा अनर्थ होतो. मी तो तोडून लिहिणे शक्यच नाही.

आणि आता मला सगळा उलगडा झाला. आपण हा शब्द दिवस या अर्थाने वाचता! चाक एकदा वाइनमध्ये टाकून तीन दिवस तसेच ठेवता, आणि मला मात्र तीन बुड्यांच्या कथा सांगता. माझ्या भावाच्या हयातीत त्याने तुमचा हात धरून ठेवला होता. तो हात सुटला आणि एका मोसमात वर्षानुवर्षांचे काम धुळीला मिळाले. ही चूक करायला निरक्षर असून भागत नाही, वहिनी. अर्धसाक्षर असावे लागते.

आता मला वहीचीही गरज नाही. अभिप्राय लिहून तयार आहे.

थोरली नणंद


चीजघर, मागची खोली
१४ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोनवार म्हणू? जोडून.

हो. मी तो शब्द दिवस म्हणून वाचला. पण या वर्षी नाही. तेरा वर्षांपूर्वी.

लग्नाला वर्ष झालं होतं. तो दूध काढायच्या ओट्यावरून पडला, पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर. तुम्ही त्याला पायाखाली ठेवायला उशी पाठवली होती. मला कुणी काही पाठवलं नाही. बावीस चाकं मिठवणीत होती. तो वर कण्हत पडलेला, त्याला विचारायला लाज वाटली, म्हणून वही काढली. 'तीन वार भिजवावे.' भिजवली. सोमवारी घातली, मंगळ, बुध, हौदातल्या हौदात उलटत राहिले, गुरुवारी सकाळी काढली. वाळवायचं कुठे लिहिलं होतं? तुमचं 'आलेच' मला कुठून कळणार?

अडीच महिन्यांनी तो कुबडी घेऊन तळघरात उतरला. एक चाक कापलं. तुकडा तोंडात टाकला. म्हणाला, "यांना वाळवलंस किती वेळा?"

म्हटलं, "वाळवायचं होतं?"

"अगं, किती वार भिजवलीस?"

"तीन. सोम, मंगळ, बुध."

तो पायरीवर बसून इतका हसला की कुबडी घरंगळत हौदाखाली गेली. मग दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. म्हणाला, "ताईला कळलं तर मला उलटा टांगेल." आणि म्हणाला, "पण असंच चालू दे. ताईला मी सांगतो."

त्या आधीची आठ-नऊ वर्षं आठवा, तुमच्या तीन खेपांची. तेव्हा तो चाकं गावोगाव हातगाडीवर फिरवायचा आणि निम्मी परत आणायचा. पहिल्या वाळवणीतच साल धरते, मग पुढच्या वाइनला वाट मिळत नाही, ती भेगा पाडून शिरते. मी दुग्धशास्त्र शिकले नाही, पण ओल्या फडक्याने पाणी टिपावं आणि कोरड्याने नाही, एवढं मला भांडी घासून कळलं आहे.

बारा वर्षांपूर्वी मंडळाकडे गेलं ते माझ्या दुसऱ्या खेपेचं चाक होतं. ज्यात तुम्ही तीन वलयं मोजलीत, ते एकदाच भिजलं होतं, वन्सं. एकदाच. त्यात एक रेघ होती.

मला वाटत राहिलं, त्याने तुम्हाला सांगितलं असेल. त्या दुपारी तुम्ही दारात उभ्या राहून 'वहीत लिहिलंय तसं कर' म्हणालात, तेव्हा कळलं की नाही सांगितलं. तेव्हाच बोलले असते. पण त्याला पोचवून दोन तास झाले नव्हते, आणि मला त्याला तुमच्यासमोर खोटं पाडायचं नव्हतं. म्हणून ऐकलं तुमचं. खरं सांगू? मनात असंही आलं, की एवढी वर्षं मीच चुकत असेन आणि तो मला सांभाळून घेत असेल. त्याने उघड कधी कुणाला सांगितलंच नाही, मग मला तरी खात्री कशी असणार? म्हणून तुमचं पत्रक खिळ्याला टांगलं आणि तुमच्या तीन खेपा दिल्या. त्या चाकाला तुम्ही नावं ठेवलीत. बरोबर ठेवलीत. एकन् एक दोष बरोबर ओळखलात. फक्त ते माझं नव्हतं, तुमचं होतं.

एप्रिलात मात्र घरासाठी म्हणून तीन चाकं माझ्या पद्धतीने भिजवली. त्यातलं एक सोबत आहे, वाइनच्या फडक्यात गुंडाळून. कापा. चाखा. मग लिहा काय लिहायचं ते.

अर्धसाक्षर


परीक्षण-कक्ष, तिसरा मजला
३० जुलै

वहिनी,

आपले पत्र मिळाले. चाकही मिळाले. ते मी उघडलेले नाही आणि उघडण्याचा हेतूही नाही. बैठकीपूर्वी खासगीरीत्या आलेला नमुना चाखणे नियमात बसत नाही.

आपण रचलेल्या गोष्टीत कुबडीपासून हौदापर्यंत सगळे आहे. पुरावा तेवढा नाही. आपण एका मृत माणसाला साक्षीला बोलावले आहे, आणि त्याच्या तोंडी मला न शोभणारे वाक्य घातले आहे. 'उलटा टांगेल!' मी त्याला आयुष्यात एकदा चापट मारली, आणि ती पाढे चुकल्याबद्दल होती.

माझा भाऊ माझ्यापासून काही लपवीत नसे. अक्कलदाढ काढली तेव्हा त्याने मला तीन पानी पत्र लिहिले. लग्न ठरवण्याआधी विचारले. मी नको म्हटले. तरी केले, पण विचारले. त्याचे प्रत्येक पत्र माझ्या कपाटात तारीखवार लावलेले आहे. गेल्या आठ दिवसांत ती सर्व मी पुन्हा वाचली. चीजविषयी दर पत्रात एकच वाक्य आहे: 'ताई, तुझी पद्धत चांगली चालली आहे.' बारा वर्षे, दर पत्रात. असे वाक्य खोटे असू शकत नाही. एखादा माणूस आपल्या बहिणीला बारा वर्षे खोटे लिहील कशासाठी?

पुरावा असल्यास २० ऑगस्टपर्यंत सादर करावा. अन्यथा तयार अभिप्राय तसाच जाईल.

थोरली नणंद


चीजघर, मागची खोली
८ ऑगस्ट

वन्सं,

तुमच्या पत्राच्या खालच्या कोपऱ्यावर जांभळा अंगठा उमटला आहे. न उघडलेल्या चाकाचा रंग बोटाला लागतो, हे विज्ञानाला धरून आहे का?

वही पाठवते आहे. देणार नव्हते, पण काल ती गुंडाळायला घेतली आणि शेवटची पानं चाळली. तिथे तो शेळ्या विण्याच्या तारखा लिहायचा. ती पानं मी कधी उघडली नव्हती. माझ्या शेळ्या माझ्या डोक्यात असतात. तुम्ही उघडा. पुठ्ठ्याकडून चौथं पान, पेन्सिलीतलं. 'काळी व्याली, दोन' याच्या खाली बघा. अक्षर कुणाचं ते तुम्हाला ओळखू येईल, तुम्हीच गिरवून घेतलं आहे.

'हिचा वार बरोबर बसला. चीज आता खरं झालं. ताईला सांगायचं आहे. धीर होत नाही.'

पान उलटा. पुढच्या वर्षी, 'लंगडी व्याली, एक' याच्या खाली: 'ताईचा लेख आला. आता कसं सांगू? धीर होत नाही.' आणि शेवटच्या वर्षी: 'ताईला सांगायचं राहिलं.'

एकंदर तीनवार लिहिलं आहे, वन्सं. जोडून वाचा.

कशासाठी खोटं लिहील म्हणून विचारलंत ना? तुमच्यासाठी. त्याला वाटायचं, त्या वहीशिवाय तुमचं म्हणून इथे काही नाही. ते तुमच्याकडे राहावं म्हणून त्याने माझं तुम्हाला देऊन टाकलं. मला विचारलंही नाही. मी काल रात्रीपासून तुमच्यावर चिडायचा प्रयत्न करते आहे आणि राग सारखा त्याच्याकडे जातो. बारा वर्षं वाहवा तुम्ही घेतलीत, मान त्याने घेतला, आणि मला पेन्सिलीतल्या दोन ओळी. त्याही शेळ्यांच्या पानावर.

आणखी एक. पहिलं पान उघडा. तुमची ओळ बघा. 'तीन' आणि 'वार' यांच्यामध्ये बोट मावेल एवढी जागा आहे. तुमच्या शाईत. तुमच्या हाताने.


परीक्षण-कक्ष, तिसरा मजला
२९ ऑगस्ट

वहिनी,

बैठक काल झाली. मंडळाला मी दिलेल्या निवेदनाची नक्कल येथे उतरवते, म्हणजे अर्थाबद्दल पुन्हा पत्रव्यवहार नको:

'क्रमांक सतरा, शेळीचे अर्धमऊ चीज. नोंदपत्रकातील "तीन स्वतंत्र बुड्या" हे शब्द वगळून "सलग तीन दिवस, न वाळवता" असे वाचावे. मूळ वहीत "तीन" व "वार" हे शब्द तोडून लिहिले गेले. ही चूक प्रस्तुत लेखिकेची आहे आणि चीज त्याच चुकीतून घडले आहे. बारा वर्षांपूर्वीच्या लेखात याच लेखिकेने तीन वलये वर्णिली होती. वलय एकच होते. जूनमध्ये आलेला सदोष नमुना लेखिकेच्या लेखी आज्ञेवरून जुन्या पद्धतीने केलेला होता. नवा नमुना घेऊन फेरपरीक्षण व्हावे. या चीजची कर्ती म्हणून सध्या ते करणाऱ्या व्यक्तीची नोंद व्हावी. तेरा वर्षांपूर्वीही तीच होती.'

सभेत लोणी विभागाचे जुने परीक्षक खोकले. फेरपरीक्षण लगेच झाले. तुझ्या एप्रिलच्या चाकाचा उरलेला अर्धा भाग मी सोबत नेला होता. मी स्वतः मत दिले नाही. शिक्का राहिला आहे. नोंद आता तुझ्या नावे आहे. अध्यक्ष म्हणाले, "भावजय का तुमची? बोलला नाहीत कधी." मी म्हटले, "विचारले नाहीत कधी."

हो, अर्धाच उरला होता. ३० जुलैला चाक उघडलेले नव्हते हे असत्य होते. पहिला तुकडा तोंडात ठेवला तेव्हाच मला समजले होते. त्यानंतरचे आठ दिवस मी त्याची पत्रे वाचीत होते ते तुझे खोटे सिद्ध व्हावे म्हणून. माझी जीभ कधीच चुकली नव्हती, एवढे तरी तू मान्य करशील. वाक्य चुकले.

आता काही गोष्टी स्पष्ट केलेल्या बऱ्या. मी परीक्षणातून निवृत्त होत नाही. तुझी तशी अपेक्षा असल्यास निराशा होईल. त्या दुपारी कोट काढला नाही, कारण आत घातलेला सदरा त्याचा होता आणि तो कोणी पाहावा असे मला वाटत नव्हते. 'अर्धसाक्षर' हा शब्द मागे घेते. 'आळशी' हाही. लग्नाला नको म्हटले होते ते मागे घेत नाही. त्या वेळी माझ्यासमोर जी माहिती होती तिच्या आधारे ते मत बरोबर होते.

वही परत पाठवत आहे. पुसलेली नाही. पहिल्या पानावर काही दुरुस्त करावे असे लेखणी उचलल्यावर वाटले, पण ती जागा तशीच ठेवली आहे. चौथ्या पानाची नक्कल माझ्याकडे आहे.

चिठ्ठीवरची वेलांटी मात्र या आठवड्यात बदलून घे.

ताई


चीजघर, मागची खोली
६ सप्टेंबर

वन्सं,

वही आली. चिठ्ठ्या बदलल्या. छापखानेवाला म्हणतो, ती बाई पुन्हा फोन करणार असेल तर आधी कळवा, मी दुकान बंद ठेवतो. तुम्ही त्याला फोन केलात हे मला सांगितलं नाहीत.

माफी मागितली नाहीत ते बरं केलंत. मागितली असतीत तर मला द्यावी लागली असती, आणि माझी तयारी नाही. त्याच्यावर तर अजून धडपणे चिडूनही झालेलं नाही. सकाळी धार काढताना चिडते, दुपारपर्यंत चाकं उलटता उलटता विसरते.

सोबत एक चाक आहे. यावर क्रमांक घातलेला नाही, ते परीक्षणासाठी नाही. उजेडात धरू नका, रेघा मोजू नका. कोट काढून बसा आणि खा.

तुमची भावजय